रात्रीचं पाणी

डिसेंबर लागला की आमच्याकडच्या पेपरांत दोन बातम्या ठरलेल्या असतात. एक पहिल्या पानावर: धुळ्याचा पारा घसरला. सोबत शेकोटीभोवती बसलेल्या मंडळींचा फोटो. दुसरी आतल्या पानावर, कुठेतरी कोपऱ्यात: अमुक गावशिवारातली डीपी जळाली, इतके दिवस झाले तरी बदलून मिळाली नाही, गहू वाळतोय. या दोन्ही बातम्या मी वर्षानुवर्षं वाचत आलोय. पण त्या मुळात एकच बातमी आहेत असं कुणी म्हटलेलं काही माझ्या वाचनात आलं नाही. म्हणून म्हटलं, चला, आपणच लिहावं.

खानदेश म्हटलं की पुण्या-मुंबईच्या लोकांना आठवतो तो उन्हाळा. मे महिन्यातलं ४४-४५ अंशांचं ऊन, डोक्याला बांधलेला रुमाल, ओस पडलेले रस्ते. ते खरंच आहे. पण जी हवा उन्हाळ्यात भाजून काढते, तीच कोरडी हवा हिवाळ्यात गारठवते. आभाळ निरभ्र, हवेत ओल नाही, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर उष्णता सोडून देते. त्यात उत्तरेकडून वारं सुटलं की झालं. हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली गेलं आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी उतरलं की ती थंडीची लाट. आमच्या दोंडाईच्यात ही व्याख्या कुणाला पाठ नाही. पण सारंगखेड्याला दत्तजयंतीची घोड्यांची यात्रा भरली, शेताशेतांत पऱ्हाट्यांच्या जाळावर भरताची वांगी भाजली जायला लागली, की आता खरी थंडी पडणार हे पोरासोरांनाही कळतं.

थंडी आणि वीज यांचा संबंध जगात सगळीकडेच आहे. फक्त तो प्रत्येक ठिकाणी वेगळा आहे. फ्रान्समध्ये घरं विजेवर गरम करतात. तिथे हिवाळ्यात तापमान एका अंशाने उतरलं की विजेची मागणी साधारण २४०० मेगावॅटने वाढते असं मानतात. म्हणजे आपल्या भुसावळजवळच्या दीपनगरात ५०० मेगावॅटचे जे दोन मोठे संच आहेत, तसले जवळजवळ पाच संच एका अंशासाठी जास्तीचे चालवायचे! अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये काय झालं ते तर बऱ्याच मराठी घरांनी फोनवरून ऐकलं. माझा मावसभाऊ तेव्हा तिथेच होता. बर्फाच्या वादळात मागणी आकाशाला भिडली आणि त्याच वेळी गॅसच्या विहिरी, पाइपलाइनी, वीजकेंद्रं गोठून बंद पडायला लागली. शेवटी २०,००० मेगावॅटचं भारनियमन करावं लागलं. ४५ लाख घरं आणि दुकानं अंधारात गेली. मृतांचा सरकारी आकडा २४६. सगळं ग्रिड कोसळायला ४ मिनिटं ३७ सेकंद उरली होती असं त्यांच्याच अधिकाऱ्यांनी नंतर सांगितलं. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात, तेलाच्या राज्यात!

मावसभाऊ तेव्हा म्हणाला होता, "तुमचं बरं आहे, तुमच्याकडे थंडीत हीटर लागत नाहीत." त्याचं म्हणणं बरोबरच होतं. आमच्याकडे हीटर नाहीत. आमच्याकडे मोटारी आहेत.

हिवाळा म्हणजे रब्बी. गहू, हरभरा, मका, कांदा, बारमाही केळी आणि पपई. पाऊस संपलेला. जे काही पाणी आहे ते विहिरीत, बोअरमध्ये, तापीकाठी असाल तर नदीत. आणि ते वर काढायला वीज. गव्हाचंच घ्या. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी गव्हाला मुकुटमुळं फुटतात, त्या वेळचं पाणी चुकलं तर पुढे कितीही पाणी द्या, फुटवे कमी ते कमीच. आता दिवाळी आटोपली की शिंदखेडा, शिरपूर, शहादा, सगळीकडे पंधरा-वीस दिवसांच्या फरकाने पेरण्या होतात. म्हणजे सगळ्यांच्या गव्हाची तहान साधारण एकाच पंधरवड्यात लागते. हिवाळ्यातली आमची विजेची मागणी ही अशी जमिनीतून वर येते. तिला थर्मामीटर लावून उपयोग नाही, पेरणीची तारीख विचारावी लागते.

आता थोडा हिशोब करू. आकडेमोडीचा कंटाळा असेल त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, पण सोडू नये ही विनंती. महाराष्ट्रात कृषिपंपांचे ग्राहक पंचेचाळीस लाखांच्या आसपास आहेत. पाच हॉर्सपॉवरची एक मोटार म्हणजे पावणेचार किलोवॅट. उद्या सकाळी ९ वाजता सगळ्यांनी एकदम मोटारी चालू करायच्या ठरवल्या तर सोळा हजार मेगावॅटहून जास्त वीज लागेल. आणि सगळ्या राज्याची, मुंबईसकट, उद्योगांसकट, कमाल मागणी तीस हजारांच्या घरात जाते. म्हणजे हे एकदम होणं शक्यच नाही. म्हणून वर्षानुवर्षं एक तोडगा चालत आलाय. फीडरचे गट पाडायचे आणि थ्री फेज वीज आळीपाळीने द्यायची. आठवड्यातले काही दिवस दिवसा ८ तास, उरलेले दिवस रात्री १० तास. यालाच चक्राकार पद्धत म्हणतात.

ऐकायला किती न्याय्य वाटतं ना? दिवसा आठच, रात्री दोन तास वरकड. जणू बक्षीस!

ते बक्षीस कसं असतं ते मी माझ्या चुलत्यांबरोबर पाहिलंय. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. काही वर्षांपूर्वी जानेवारीत मी गावी होतो, रात्रपाळीचा आठवडा होता आणि हट्टाने त्यांच्याबरोबर शेतात गेलो. लाईट बाराच्या सुमाराला येणार होती. आली सव्वाला. अंगात दोन स्वेटर, कानाला मफलर, हातात बॅटरी आणि काठी. इथवर सगळं ठीक असतं, शेकोटी असते, चहाचा थर्मास असतो. पण पाणी चालू झालं की चपला बाजूला काढून वाफ्यात उतरावंच लागतं. एक वाफा भरला की त्याचं तोंड मातीने बंद करायचं, पुढच्याचं फोडायचं. विहिरीचं पाणी बाहेर येतं तेव्हा चक्क कोमट असतं. पण पाय चिखलातून काढून वाऱ्यावर धरले की जे होतं ते शब्दांत सांगता यायचं नाही. तासाभराने पायांची बोटं आहेत की नाहीत ते बघावं लागत होतं. मी आप्पांना म्हटलं, "तुमचं वय आता सत्तरीकडे चाललंय. गडी का नाही ठेवत?" ते म्हणाले, "अरे, गडीसुद्धा माणूसच ना? रात्री यायला कोण तयार होतो? आणि आला तरी त्याला काय थंडी वाजत नाही का?"

यात मी साप धरला नाही, रानडुकरं धरली नाहीत, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत उसातून फिरणारा बिबट्याही धरला नाही. ओल्या हातांनी स्टार्टरला हात लावताना बसणारा शॉकही धरला नाही. नुसती थंडी धरली.

आता इथे वीज कंपनीच्या इंजिनिअरांची बाजू सांगितली नाही तर तो अन्याय होईल. औष्णिक केंद्रातला संच म्हणजे काही घरातला पंखा नव्हे, हवं तेव्हा बटण दाबून बंद करायला. तो रात्रीसुद्धा एका मर्यादेच्या वरच चालवत ठेवावा लागतो. रात्री शहरं झोपतात, मागणी उतरते, मग ती वीज वापरणारं कुणीतरी हवं. उलट हिवाळ्याच्या सकाळी शहरांतले गीझर एकदम सुरू होतात. दोन किलोवॅटचा एक गीझर धरला तर पाच लाख गीझर म्हणजे हजार मेगावॅट झाले की! शेतातली एक मोटार म्हणजे साधारण दोन गीझर. तेव्हा मोटार रात्री आणि गीझर सकाळी असं जमवलं की वाटणीचा आलेख सपाट होतो, महागडी वीज बाहेरून घ्यावी लागत नाही, सगळ्यांचे दर आटोक्यात राहतात. कागदावर याच्यात खोट काढणं अवघड आहे.

खोट कागदाबाहेर आहे. वीज साठवता येत नाही, निदान मोठ्या प्रमाणावर आणि स्वस्तात आजवर येत नव्हती. मग जी लवचीकता बॅटरीने द्यायला हवी ती कुणीतरी द्यायचीच होती. ती दिली शेतकऱ्याने. त्याच्या झोपेतून. मला तर असं वाटतं की गेली कित्येक वर्षं महाराष्ट्राच्या ग्रिडची सगळ्यात मोठी बॅटरी जर कुठली असेल, तर ती शेतकऱ्याची झोप आहे. या बॅटरीला भांडवल लागत नाही, निविदा लागत नाही, आणि ती किती झिजली याची कुठल्याही ताळेबंदात नोंद होत नाही. शेतीला वीज स्वस्तात दिली, फुकट दिली, त्या अनुदानाचे कोट्यवधींचे आकडे मात्र दरवर्षी अर्थसंकल्पात येतात. त्याबद्दल शहरांतले लोक कुरकुरतातही. पण शेतकऱ्याने ग्रिडला जे अनुदान दिलं, त्याचा आकडा कुणी मांडलाय का?

हे सगळं काही आजचं नाही. २००५ च्या जूनमध्ये वीज मंडळाचे तुकडे होऊन महानिर्मिती, महापारेषण, महावितरण झाल्या आणि त्याच सुमाराला राज्यात तुटवडा असा काही वाढला की दोंडाईच्यासारख्या गावांत दहा-बारा तासांचं भारनियमन ही नेहमीची गोष्ट झाली. "लाईट उनी का?" हा अहिराणीतला तेव्हाचा नमस्कारच होता म्हणा ना! मग गावठाणाचे आणि शेतीचे फीडर वेगळे झाले, सिंगल फेजिंग आलं. घरात निदान दिवे लागायला लागले. चांगलंच झालं ते. पण शेतीची लाईट वेगळी झाली, तशी ती शहराच्या आणि गावच्याही नजरेआड गेली. घरात अंधार झाला की सगळे ओरडतात. शेतात लाईट नसली तर फक्त शेतकऱ्याला कळतं.

आणि माणूस काही मुकाट्याने सोसत बसत नाही, तो वाट काढतो. रात्री उठायला नको म्हणून लोकांनी स्टार्टरला ऑटोस्विच लावले. लाईट आली की मोटार आपोआप सुरू. पुढे मोबाइलवर चालणारे स्टार्टर आले. घरबसल्या फोन लावला की मोटार चालू. दिसायला किती सोयीचं! पण मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी लाईट येताक्षणी एकदम सुरू झाल्या तर काय होणार? ६३ केव्हीएच्या डीपीवर पाच हॉर्सपॉवरच्या दहा-बारा मोटारी हिशोबात बसतात. प्रत्यक्षात असतात जास्त, काही आकड्याच्या, काही पाच म्हणून नोंदवलेल्या आणि खऱ्या साडेसातच्या. डीपी तापते, व्होल्टेज पडतं, मोटारी जळतात, आणि एक दिवस डीपीच बसते. हिवाळ्यात आमच्या गावातल्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानांत उभं राहायला जागा नसते, ती यामुळे. शिवाय वाफ्यावर माणूस नसला की पाणी भरून वाहून जातं ते वेगळंच. म्हणजे थंडी टाळायला ऑटोस्विच, ऑटोस्विचमुळे डीपी, डीपीमुळे गहू. मघाच्या दोन बातम्या एकच आहेत असं मी म्हटलं, ते असं.

यावर "मग दिवसा वीज द्या, संपला प्रश्न" असं सरळ उत्तर आहे, आणि ते बव्हंशी खरंही आहे. कोल्हापुरात फेब्रुवारी २०२२ मध्ये राजू शेट्टींच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेने महावितरणच्या कार्यालयासमोर धरणं धरलं होतं, ते दिवसा दहा तास विजेसाठी. लक्षात घ्या, फुकट विजेसाठी नव्हे. पुढे २०२४ मध्ये राज्य सरकारने साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांना वीज मोफत केली. मिळाली ती चांगलीच गोष्ट, नाही कोण म्हणणार? पण मागितलं होतं काय आणि मिळालं काय, याचाही विचार व्हायला हवा. आप्पांना मी विचारलं होतं, "बिल माफ आणि लाईट रात्री, की बिल भरा आणि लाईट दिवसा, काय घ्याल?" त्यांनी एक क्षणही लावला नाही. म्हणाले, "दिवसाची दे. बिलाचं मी बघून घेतो."

गंमत अशी की दिवसाच्या विजेला लागणारं सगळं आमच्याच अंगणात आहे. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे. त्याच तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगाच्या रांगा आहेत. पवनचक्क्यांचं एक मात्र आहे. त्यांचा हंगाम पावसाळ्याचा. जून ते ऑगस्ट त्या गरगर फिरतात, तेव्हा शेताला पाणी वरूनच मिळत असतं. आणि रब्बीच्या ऐन तहानेच्या दिवसांत वारा पडलेला असतो. सूर्याचं तसं नाही. डिसेंबरअखेर आमच्याकडे दिवस अकरा तासांना जरा कमीच, पण ऊन स्वच्छ. शिवाय सौर पॅनेल तापलं की त्याची ताकद घटते, थंडीत ते उलट बरं चालतं. म्हणजे रब्बीचं पाणी आणि हिवाळ्याचं ऊन यांची जोडी देवानेच जमवून ठेवलीय. आपण मात्र ती इतकी वर्षं जमवली नाही.

पण 'आमच्या अंगणात' असं म्हणताना जीभ जराशी अडखळते. दोंडाईच्याजवळ एक मोठा औष्णिक प्रकल्प येणार होता. त्यासाठी विखरण परिसरातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. औष्णिक प्रकल्प काही उभा राहिला नाही, मग तिथे सौर प्रकल्पाची घोषणा झाली. विखरणच्या धर्मा पाटील यांना त्यांच्या पाच एकरांचे चार लाखांच्या आसपास मिळाले. शेजारच्यांना मिळालेल्या मोबदल्याशी त्याची तुलनाच होऊ शकत नव्हती. ऐंशीच्या घरातला हा माणूस दाद मागत कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत राहिला. २२ जानेवारी २०१८ ला त्यांनी मुंबईत मंत्रालयात विष घेतलं आणि २८ तारखेला जे. जे. रुग्णालयात ते गेले. ऐन हिवाळ्यातलीच ही गोष्ट. त्यावर तेव्हा खूप लिहिलं-बोललं गेलं, राजकारणही झालं. मला त्यातली एकच गोष्ट इथे सांगायचीय. ज्या शिवाराने विजेसाठी जमीन दिली, तेच शिवार रात्री उठून विजेची वाट बघत होतं. वीज कुठे तयार होते आणि ती कोणत्या वेळी कुणाला मिळते, या दोन गोष्टींचा आपल्याकडे काही संबंधच ठेवलेला नाही.

म्हणूनच मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेकडे मी जरा आशेने बघतो. २०१७ मध्ये ती सुरू झाली, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. कल्पना साधी आहे. गावच्या सबस्टेशनजवळ लहान लहान सौर प्रकल्प उभारायचे आणि तिथून निघणारे शेतीचे फीडर दिवसाच चालवायचे. वीज लांबून आणायची नाही, त्यामुळे वाटेतली गळतीही कमी. आणि जमीन खाजगी असेल तर ती विकत नव्हे, भाड्याने घ्यायची, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये. शिवाय दरवर्षी थोडी वाढ. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो. विखरणनंतर निदान एवढं शहाणपण आलं असेल तर ते थोडकं नाही. योजनेचं एकूण उद्दिष्ट आहे सोळा हजार मेगावॅट. वर केलेला हिशोब आठवतोय ना? तोच आकडा. काही फीडर दिवसा चालायला लागलेत, बरेच अजून वाट बघताहेत. ज्यांचं झालं ते लोक काय सांगतात तर, "रात्री झोपतो." बस्स. उत्पन्न वाढलं, पाणी वाचलं, हे सगळं नंतर. आधी झोप.

तरी यात एक मेख आहे, आणि ती जळगावच्या केळीवाल्यांना विचारली तर लगेच कळेल. केळी हे उष्ण हवेचं पीक. पारा १२ अंशांच्या खाली गेला की तिची वाढ मंदावते, दहाच्या खाली गेला की चरका बसतो. पानं पिवळी पडतात, पोंगा नीट सुटत नाही, घड अडकतो. सलग तीन दिवस किमान तापमान ८ अंश किंवा त्याखाली राहिलं तर फळपीक विमा लागू होतो, इतकं हे नेहमीचं दुखणं आहे. आणि यावर कृषी विद्यापीठांचा सल्ला काय? बागेत रात्री धूर करा आणि रात्री किंवा पहाटे पाणी द्या. विहिरीचं पाणी हवेपेक्षा गरम असतं, त्याने बागेतलं तापमान थोडं सावरतं. म्हणजे बघा, गव्हाला रात्रीचं पाणी ही सक्ती, आणि केळीला थंडीच्या लाटेत रात्रीचं पाणी हे औषध! उद्या सगळे फीडर दिवसाचे झाले आणि रात्री वीज पूर्ण बंद झाली, तर आठ अंशांच्या रात्री रावेर-यावलचा शेतकरी बाग वाचवणार कशाने?

म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे की 'दिवसा वीज' ही घोषणा झाली, धोरण नव्हे. खरा प्रश्न किती मेगावॅट हा नाही, कुठला तास कुणाचा हा आहे. सगळ्यांना दिवसा वीज मिळेपर्यंत मधली जी वर्षं जातील, त्यांत तरी काही साध्या गोष्टी करता येतील. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत रात्रपाळी कमीत कमी ठेवावी. ती ठेवावीच लागली तर निदान हवामान खात्याने थंडीच्या लाटेचा इशारा दिलेल्या दिवसांत त्या गटाला दिवसा वीज द्यावी, मग त्यासाठी चार दिवस महाग वीज बाहेरून घ्यावी लागली तरी चालेल. शहरात एखादा मोठा सामना असला तर घेतोच की आपण! आणि केळीच्या पट्ट्यात मात्र त्याच इशाऱ्याच्या रात्री पहाटेचे तीन-चार तास वीज उपलब्ध असावी. ज्याला हवी त्याने वापरावी, सक्ती नको. शेवटची गोष्ट म्हणजे वेळापत्रक. बाराची लाईट बारालाच यावी. ती सव्वाला येणार असेल तर तसा संदेश मोबाइलवर यावा. विमान उशिरा सुटलं तर प्रवाशाला कळवतात, मग वाफ्यात उभ्या असलेल्या माणसाला का नाही? याला ना कोळसा लागतो ना पॅनेल. समोरचा माणूस जागा आहे याची जाणीव लागते, बस्स.

काही जण म्हणतील, हे भावनिक झालं, ग्रिड भावनेवर चालत नाही. मान्य. ग्रिड ५० हर्ट्झवर चालतं. पण ते ५० हर्ट्झ राखायला कुणाला जागवायचं, हा निर्णय काही यंत्र घेत नाही, माणसं घेतात. टेक्साससुद्धा शेवटी तिथेच येऊन ठेपलं होतं. वीज कमी पडली तेव्हा कुणाचा फीडर बंद करायचा हे कुणीतरी ठरवलं. तिथे ते चार-पाच दिवस चाललं आणि जगभर बातमी झाली, चौकशा झाल्या, कायदे बदलले. आमच्याकडे ते दर हिवाळ्याला चालतं, म्हणून त्याची बातमी होत नाही.

असो. बरंच लांबलं. या हिवाळ्यात सकाळी गीझर लावाल तेव्हा जरूर लावा, त्यात अपराधी वाटायचं काही कारण नाही. गरम पाणी कुणाला नको असतं? फक्त शेतीला फुकट वीज देऊन आपण किती उपकार करतोय असं कुणी म्हणायला लागलं, तर त्याला हळूच विचारा: ती वीज येते किती वाजता?